समोरासमोरची दारं

मिलुंकाचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. गजर लावायची वेळ कधी आली नाही, अंगालाच ठाऊक होतं. उठायचं, डोक्याला रुमाल घट्ट आवळायचा, विहिरीवर दोन मातीच्या सुरया भरायच्या. पावाच्या जाड तुकड्यावर डुकराची चरबी फासायची, वर कांदा आणि सढळ हाताने मीठ. मग निघण्याआधी एकदा पलंगाकडे बघायचं. ओब्राद, तिचा नवरा, भिंतीकडे तोंड करून निजलेला असायचा. जून महिना, तरी खोलीची एकुलती एक खिडकी गच्च बंद आणि फटीत चिंधी कोंबलेली.

ती चिंधी तिनेच कोंबली होती.

गेल्या ऑगस्टपर्यंत दोघं बरोबर निघायची. तिसा नदीच्या काठावरच्या वीटभट्टीत दोघांची उमर गेली. भट्टी हातातल्या कड्यासारखी गोल पण लांबोडकी होती, आत एकाला एक लागून खण. आग एका खणातून पुढच्या खणात सरकत राहायची, हिवाळा सोडला तर कधी विझायची नाही. आग पुढे गेली की मागचे खण निवायचे. निवायचे म्हणजे माणूस आत शिरून उभा राहू शकेल, इतपतच. तेवढं झालं की खणाचं चिणलेलं दार फोडायचं आणि भाजलेल्या विटा बाहेर काढायच्या. हे काम मिलुंकाच्या टोळीचं.

तळहाताला सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधायचे. वाकायचं ते गुडघ्यात. एका वेळी विटा चारच उचलायच्या. नवा माणूस पाच उचलतो आणि इकडेतिकडे बघतो, कुणी पाहिलं का म्हणून. पाचवी वीट दुपारी कंबर वसूल करते. गाडीत रचताना जड बाजू चाकाकडे ठेवायची, म्हणजे वजन चाक ओढतं, खांदा नाही. यातलं काही कुणी शिकवत नाही. दुखलेली जागा शिकवते.

काम चालू असलेल्या खणाला दोन वाटा असत. एक समोर नुकतं फोडलेलं दार. दुसरी पाठीमागची, आधीच रिकाम्या झालेल्या खणातून त्याच्या दाराकडे जाणारी. दोन्ही वाटा उघड्या राहिल्या की नदीवरचा वारा आरपार जायचा. म्हणून टोळीचं दिवसाचं पहिलं काम विटांचं नसे. पाठीमागच्या दारावर ताडपत्री ठोकायची, हे पहिलं काम.

कारण प्रोमाया. समोरासमोरच्या दारांतून वाहणाऱ्या वाऱ्याला तिकडे हा शब्द आहे, आणि तो उच्चारताना म्हातारी माणसं अजून छातीवर क्रुसाची खूण करतात. मान आखडली, प्रोमाया. दाढ ठणकली, प्रोमाया. तोंड वाकडं झालं, पोर रात्रभर रडलं, सून माहेरी जाऊन बसली, प्रोमाया. शरद ऋतूत कोशावा वारा आठ-आठ दिवस घोंगावतो, घरांची कौलं उडवतो, त्याची तक्रार कुणी करत नाही. पण घामेजल्या पाठीवर दोन दारांमधली झुळूक आली, तर माणूस गेलाच म्हणून समजा.

टोळीचा मुकादम गाव्रा. ओब्रादचा धाकटा चुलतभाऊ, अंगाने आडवा, जिभेने तिखट. ताडपत्री तो स्वतः ठोकायचा, चारी कोपरे ओढून, आई पोराला पांघरूण घालते तशी.

गेल्या ऑगस्टात एका सकाळी खणात श्वास पुरेना. मिलुंकाने ताडपत्रीचा एक कोपरा सोडला. वारा आला. यूल्का, तिच्या जोडीला गाडी ओढणारी, ओरडली, "अगं बाई, मान!" आणि गाव्राने येऊन कोपरा परत ठोकला. एवढंच घडलं. त्यानंतर तासाभराने ओब्राद विटा खाली ठेवून म्हणाला, "माझा कोट कुठाय? थंडी वाजतेय." खणात उभं राहवत नव्हतं आणि हा कोट मागत होता. मिलुंका हसली. तिला वाटलं थट्टा करतोय. मग तो हातगाडीवर आडवा झाला आणि उठलाच नाही.

जिल्ह्याच्या दवाखान्यात तो वाचला. मूत्रपिंडं अर्धी गेली, हातांना कंप आला, आणि उन्हात थोडा वेळ जरी बसला तरी चेहरा तांबडालाल आणि कोरडा पडायचा. भट्टीचं काम सुटलं ते सुटलंच. ओब्राद हा पाणी न पिता दुपारपर्यंत ओढणारा गडी. "पाणी घोडा पितो," म्हणायचा. आता तो खिडकीशी बसून कोंबड्या मोजायचा.

गावाने निकाल लावला. मिलुंकाने ताडपत्री सोडली, वारा लागला, ओब्राद पडला. तिच्या तोंडावर कुणी बोललं नाही. गाव्राच एकदा बोलला, तोही पिऊन. "वहिनी, तुला एवढा उकाडा होत होता तर बाहेर जायचं होतंस. त्याच्या पाठीवर कशाला सोडलास वारा?" तिलाही तेच वाटत होतं. घरी जाऊन तिने खिडकीच्या फटीत चिंधी कोंबली.

एप्रिलमध्ये ती ओब्रादला तपासायला घेऊन गेली. लेन्के डॉक्टरीण मागर, म्हणजे हंगेरियन घराण्यातली, साठीला आलेली, हात गरम आणि बोलणं रोखठोक. ओब्राद सदरा घालत असताना मिलुंकाने धीर करून विचारलं, "डॉक्टरीणबाई, वारा नेमका कुठं लागतो? फुप्फुसाला की रक्ताला?"

"कसला वारा?"

मिलुंकाने सगळं सांगितलं. ताडपत्री, कोपरा, थंडी वाजणं.

डॉक्टरीण खुर्चीत मागे टेकली. "हे बघ. बाहेर बर्फ पडो नाहीतर तुमची भट्टी असो, माणसाच्या आत ऊब एकाच मापाची लागते. दोन अंश चढली तर ताप म्हणतो आपण. पाच चढली तर घात. म्हणून अंग दिवसरात्र राबतं. गारठ्यात कुडकुडतं ते ऊब करायला. उष्म्यात घाम काढतं ते ऊब घालवायला. पाणी कमी झालं की तहान लावतं, लघवी रोखतं. रक्तातलं मीठ कमीजास्त होऊ देत नाही. तू झोपलीस तरी त्याला सुट्टी नाही."

"मग ओब्रादच्या अंगाने काम का सोडलं?"

"सोडलं नाही. संपलं. घाम गळून काही होत नाही, बाई. घाम वाळला तर अंग निवतं. नुसता गळला तर फुकट गेलेली मजुरी. बंद खणात, ताडपत्री लावून, तो वाळणार कसा? आणि वर हा गृहस्थ पाणी पीत नव्हता. अंगाने घामावर घाम काढला, शेवटी काढायला उरलं नाही. मग आतली ऊब चढली ती थेट डोक्यात. थंडी वाजणं हा त्या चढलेल्या डोक्याचा भ्रम."

मिलुंकाने ओब्रादचा कोट उचलून हातावर घेतला. मग म्हणाली, "म्हणजे मी तो कोपरा सोडला..."

"बरं केलंस. परत लावायला नको होता."

ओब्राद बटणं लावता लावता म्हणाला, "खिडकी लावा हो जरा. पाठीत शिरतंय."

त्या दिवशी घरी परतताना मिलुंकाने ठरवलं. ऑगस्ट यायच्या आत ती ताडपत्री खाली आली पाहिजे. स्वतःचं नाव धुऊन निघावं हे होतंच. पण त्याहून एक गोष्ट तिला झोपू देईना. ओब्रादनंतर टोळीत सगळ्यांत जाडजूड, सगळ्यांत कमी पाणी पिणारा आणि ताडपत्रीला सगळ्यांत जवळ उभा राहणारा माणूस गाव्रा होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तिने ताडपत्री ठोकू दिली नाही. गुंडाळून बगलेत धरली आणि डॉक्टरीण बोलली ते सगळं सांगितलं. टोळीने ऐकून घेतलं.

"नवऱ्याला आडवं केलंस," गाव्रा म्हणाला, "आता टोळीचा नंबर का? आण ती इकडे."

"गाव्रा, घाम वाळल्याशिवाय..."

"घाम वाळला की सर्दी होते, हे माझी आजी सांगायची. ती त्र्याण्णव वर्षं जगली."

"ती भट्टीत काम करत होती?"

"ती शहाणी होती. भट्टीत कशाला येईल?"

सगळे हसले. ताडपत्री वर चढली.

मिलुंका भांडणारी नव्हती, पण सोडणारीही नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने सारख्या मापाच्या दोन सुरया भरल्या. एक खणात, ताडपत्रीच्या आडोशाला ठेवली. दुसरी बाहेर, दोन खणांच्या दारांमधल्या सावलीत, जिथून वारा जायचा. न्याहारीच्या सुट्टीत तिने दोन्ही पुढे केल्या. "पिऊन बघा."

आतल्या सुरईतलं पाणी अंगासारखं कोमट. बाहेरचं दाताला झोंबेल इतकं गार. दोन्ही सुरयांना पाणी सुटलं होतं. वाऱ्यातली वरून वाळत होती, आतली नुसती ठिबकत होती.

"बघितलंत? माती तीच, पाणी तेच. जिचा घाम वाळला ती निवली."

गाव्राने गार पाण्याचे दोन घोट घेतले, मिशा पुसल्या. "खरं आहे. पण सुरईची मान आखडत नाही, वहिनी."

"सुरईला मान असते की!" यूल्का म्हणाली.

"असते. पण तिला दुसऱ्या दिवशी विटा उचलायला यायचं नसतं."

त्यानंतर सगळे पाणी मात्र वाऱ्यातल्या सुरईतलं पिऊ लागले. ताडपत्री होती तिथेच राहिली.

मग मिलुंकाने वेगळी मागणी केली. ताडपत्री अर्धीच लावा. उजवा अर्धा भाग उघडा राहील, त्या बाजूची रास मी एकटी काढते. तुम्ही डावीकडे, आडोशाला. मजुरी सगळ्यांची सारखी. गाव्राला यात काही वावगं दिसलं नाही. उलट मजाच वाटली. "घ्या," तो टोळीला म्हणाला, "वहिनीची मान कधी वाकडी होते, त्यावर राकिया दारूची एक बाटली."

मिलुंका वाऱ्यात उभी राहून काम करू लागली. पहिल्या दिवशी पाठीवर झुळूक आली तेव्हा तिचाही हात आपसूक मानेकडे गेला. चाळीस वर्षं मनात भरलेली भीती एका दवाखान्यात जाऊन निघत नाही. पण दुपारपर्यंत तिच्या ध्यानात आलं, की आपल्याला दम कमी लागतोय. तहान लागायची वाट न बघता ती दर दोन गाड्यांमागे घोटभर पाणी प्यायची, चिमूटभर मीठ जिभेवर ठेवून. लघवीचा रंग बघायची; गडद झाला की पाणी वाढवायची. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून सांगितलं नाही.

टोळी रोज सकाळी तिची मान बघायची. "काय वहिनी, डावीकडे बघ बरं! आता उजवीकडे!" ती बघायची. तिच्यावर लागलेली बाटली तशीच राहिली.

आणि मग जुलैच्या सुरुवातीला, एका पहाटे, मिलुंकाची मान खरंच आखडली.

कशाने आखडली, देव जाणे. आदल्या दिवशी गाडी गाळात रुतली होती, ती तिने मानेने जोर लावून काढली होती, त्याने असेल. उशी उंच झाली असेल. पण हे ऐकणार कोण? ती पलंगाच्या कडेवर बसली, डोकं एका बाजूला कलंडलेलं. ओब्राद जागा झाला.

"लागला ना वारा? सांगितलं होतं. आज घरी राहा."

"आज घरी राहिले तर ती ताडपत्री मी मरेपर्यंत खाली यायची नाही."

"मग काय करशील?"

"विटा काढीन."

तिने रुमाल नेहमीपेक्षा खाली, मानेपर्यंत बांधला. भट्टीवर गेली. हाक आली तिकडे मान न वळवता सगळी वळली, पायांपासून. बाईला ऐट चढली असं लोकांना वाटलं. वीट उचलताना डोळ्यांपुढे पांढरं यायचं. चार उचलायच्या त्या चारच उचलल्या. तीन केल्या असत्या तर गाव्राने मोजल्या असत्या. एक हुंकारही तोंडातून काढला नाही. दिवसभराच्या राशीत एक वीट कमी पडली नाही.

गाडी ढकलताना यूल्का कानाशी येऊन पुटपुटली, "मान आखडलीय तुझी."

"आखडली तर आखडली. विटा काय मानेने उचलते मी?"

यूल्काने एकवार गाव्राकडे बघितलं, एकवार तिच्याकडे. मग दोघींच्या गाडीची जड बाजू तिने आपल्याकडे घेतली. तिसऱ्या दिवशी मान आपसूक सुटली.

जुलै उतरता उतरता उष्म्याने कहर केला. नदीवर वारा होता, पण आडोशाच्या बाजूला त्याचा श्वासही पोचत नव्हता. त्या सकाळी मिलुंकाला काहीतरी खटकत होतं आणि काय ते कळेना. हात चालू होते, गाड्या भरत होत्या. मग कळलं. गाव्रा गप्प होता. न्याहारीपासून त्याने कुणाला टोमणा मारला नव्हता.

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. विटांची लाल धूळ सगळ्यांच्या अंगावर बसते, घामाने तिचा चिखल होतो, ओघळ होतात. यूल्काच्या गालांवर ओघळ होते. सगळ्यांच्या पाठीवर चिखल होता. गाव्राच्या कपाळावर धूळ कोरडी होती. पिठासारखी.

"गाव्रा, इकडे ये."

"पाच," तो म्हणाला. त्याच्या हातात पाच विटा होत्या. आयुष्यात कधी त्याने पाच उचलल्या नव्हत्या. "पाच उचलतो आज. दार कुणी उघडलंय? थंडी येतेय."

मिलुंकाने ताडपत्रीची कड पकडली आणि सगळं वजन टाकून ओढली. खिळ्यांसकट ती खाली आली. गाव्रा गुडघ्यांवर बसला, विटा पायाशी फुटल्या. "धरा त्याला! पाय तिकडून घ्या. बाहेर नको, बाहेर ऊन आहे. इथं, दोन दारांच्या मधे, सावलीत!"

"वाऱ्यात?" कुणीतरी म्हणालं.

"वाऱ्यातच!"

त्यांनी त्याला निजवलं. यूल्का सवयीने ताडपत्री उचलून पाठीमागच्या दाराकडे निघाली, झाकायला. मिलुंकाने तिचा हात धरला. "ती लावायची नाही. दुसरं टोक धर. हलव. पंख्यासारखी हलव." तिने गाव्राचा सदरा फाडला, गार सुरई त्याच्या छातीवर, मानेवर, काखेत रिती केली, मग दुसरी. ताडपत्री वरखाली होऊ लागली, त्याच्या ओल्या अंगावरून वारा जाऊ लागला. एकजण विहिरीकडे बादल्या घेऊन पळाला, एकजण सायकलवर डॉक्टरीणबाईकडे. हात भरून आले की टोकं धरणारे बदलायचे. ताडपत्री मात्र थांबू दिली नाही. भिजवायचं, हलवायचं, भिजवायचं.

गाव्रा पुटपुटत होता, "दार लावा... दार..."

"गप पड," मिलुंका म्हणाली.

बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले आणि आधी वर हलणाऱ्या ताडपत्रीकडे, मग तिच्याकडे बघितलं. "वहिनी," तो खरखरत म्हणाला, "माझा नवा सदरा होता तो."

तेव्हा यूल्का खाली बसून रडली. डॉक्टरीण आली, नाडी बघितली, ताप बघितला, आणि गाडीत घालताना एवढंच म्हणाली, "ज्यांनी भिजवून वारा घातला त्यांनी वाचवला." ती कुणाकडे बघून बोलली नाही. बघायची गरज नव्हती.

गाव्रा तीन आठवड्यांनी परत आला, चेहरा उतरलेला, मूत्रपिंडं शाबूत. पहिल्याच दिवशी पूर्ण काम अंगावर घ्यायला निघाला. मिलुंकाने गाडी त्याच्या हातून घेतली. "अंग भट्टी विसरलंय तुझं. आज चौथाई. उद्या थोडं जास्त. शिकेल परत."

"मुकादम मी आहे की तू?"

"मुकादम तू. ताडपत्री कुठं आहे?"

त्याने बघितलं. ताडपत्री विटांच्या राशीवर पसरली होती, पावसापासून झाकायला. वारा त्याच्या पाठीवरून आरपार गेला. त्याने खांदे आक्रसले, मान आत ओढली, आणि मग सावकाश सोडली. "आखडली तर?" तो म्हणाला.

"आखडली तर दुखते," यूल्का म्हणाली, "आणि सुटते."

ऑगस्टात टोळीतलं कुणी पडलं नाही. गावात मिलुंकाच्या नावाने जे बोललं जायचं, ते कुणी मागे घेतलं नाही. गाव तसं करत नाही. पण सप्टेंबरातल्या एका रविवारी गाव्रा छिन्नी-हातोडा घेऊन त्यांच्या दारात आला. ओब्रादसमोर उभा राहिला. "त्या दिवशी कोपरा मी परत ठोकला होता," म्हणाला. ओब्रादने कोंबड्यांवरची नजर काढली नाही. "ठाऊक आहे," तो म्हणाला. "मीच तुला खुणावलं होतं ना."

मिलुंका चुलीपाशी होती. तिने ते ऐकलं आणि पातेल्यातलं ढवळणं थांबवलं नाही. तिच्या आजवरच्या कामात तेवढं ढवळणं सगळ्यांत जड होतं.

मग गाव्राने खिडकीसमोरच्या मातीच्या भिंतीत भोक पाडायला घेतलं. मेहनत त्याची, चौकट मिलुंकाची. सुताराकडे तिने ती उन्हाळ्यातच सांगून ठेवली होती, ओकच्या लाकडाची, दोन झडपांची. भट्टीचा त्या साली मिळालेला सगळा पैसा चौकटीत, काचेत आणि बिजागऱ्यांत गेला. नवा कोट घ्यायचा राहिला, डुकराचं पिल्लूही राहिलं.

जुन्या खिडकीच्या फटीतली चिंधी तिने उपसून चुलीत टाकली. पुढच्या उन्हाळ्यापासून ओब्राद दोन उघड्या खिडक्यांच्या मधोमध खुर्ची टाकून बसू लागला. अंगात पातळ सदरा, गळ्याभोवती मात्र लोकरीचा मफलर, दोन वेढे घालून. कपाळावर बारीक घाम असायचा. आणि तो वाळत असायचा.